पहिली एरर

७ जुलै

हरियेट्टननी केबिनमध्ये बोलावलं तेव्हा मला वाटलं, गेली नोकरी. अजून उमेदवारीवर आहे, दोनदा उशिरा आले आहे आणि मागच्या महिन्यात त्यांच्याशीच वाद घातलाय. मॅनेजरशी वाद घालायचा नसतो हे मला घालून झाल्यावर कळतं. पण निघालं भलतंच. म्हणाले, "अंबिली, कण्णाडी तू उभी करायचीस. लिनक्स, विंडोज, मॅक, तिन्हीवर."

कण्णाडी म्हणजे पौलोस सरांचं हत्यार. आम्ही जहाज हाकायला शिकवणारं सिम्युलेटर बनवतो. पडद्यावर समुद्र, धुकं, बंदराचे दिवे, सगळं खोटं पण खऱ्यासारखं. चित्रात काही चुकलं की ते जागच्या जागी गोठवायचं आणि कण्णाडीतून तपासायचं. आधी पाणी रंगवलं, मग बोट, मग धुकं, असा एकेक थर आणि एकेक ठिपका सोलून बघता येतो. घाण कुठल्या थरानं केली ते सापडतं. सरांनी हे एकट्यानं लिहिलंय, वर्षानुवर्षं, आणि ते फक्त त्यांच्या जुनाट मशीनवर चालतं. दुसरीकडे सोर्सपासून, म्हणजे मूळ कोडवरून, बिल्ड करायला जावं तर कोसळतं.

"उद्या सर आजारी पडले तर आपण काय त्या मशीनला हार घालायचा?" हरियेट्टन म्हणाले. कोल्लमच्या नाविक शाळेला सप्टेंबरात सिम्युलेटर द्यायचंय आणि त्यांच्या लिनक्स मशीनवर धुकं आलं की बंदराच्या तोंडावरच्या बोयाचा लाल दिवा गायब होतो. त्या दिव्याच्या चुकीच्या बाजूनं गेलं की खडक. कण्णाडी तिन्हीवर उभी राहिली तर मी कायम. नाही राहिली तर काय, ते त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

भीती मला कामाची नाही, सरांची आहे. हात पुढे करावा तर आपला हात हवेत तसाच, आणि सर भलतीकडे बघताहेत. एका कानात कायम इअरफोन. माझ्या शेजारी बसणारा निसार म्हणतो, क्रिकेट ऐकतात. मी म्हणते, प्रार्थना. आणि ऊन उतरलं की निघाले घरी. ढगाळ असलं तर त्याच्याही आधी. आम्ही त्यांना सूर्यफूल म्हणतो.

९ जुलै

लिनक्सवर पहिला घाव. लाल अक्षरांचा पूर. लॅपटॉप उचलून सरांपुढे नेऊन ठेवला. "सर, बघा ना."

सरांनी मान वळवण्याचीही तसदी घेतली नाही. "वाच."

"सर, तुमच्या समोरच आहे."

"असू दे. तू वाच."

मी वाचू लागले. दोन ओळी झाल्या नाहीत तोच म्हणाले, "मोळे, शेपटाकडून नको. पहिली वाच."

"वर चारशे ओळी आहेत सर."

"त्या सगळ्या पोरी. पहिली एरर ही आई. आईची समजूत काढलीस की पोरी आपोआप घरी जातात. तू पोरींशी भांडत बसतेस."

वर जाऊन पहिली वाचली. एका लायब्ररीचं नाव चुकलेलं. दुरुस्त केलं आणि पूर ओसरला. सर बरोबर होते म्हणून राग जास्त आला. एकदा मान वळवून स्क्रीनकडे बघितलं असतं तर काय झिजले असते? मला मोळे, म्हणजे लेकी, म्हणायचं आणि वागवायचं शाळेतल्या पोरीसारखं.

१४ जुलै

लिनक्स झालं, असं मी ऑफिसभर सांगत फिरले आणि तोंडघशी पडले. माझ्या मशीनवर चालतं ते निसारच्या मशीनवर नाही. का? तर सरांनी स्वतःच्या घरच्या फोल्डरचा पत्ता आत ठिकठिकाणी लिहून ठेवलाय आणि मी तोच पत्ता माझ्या मशीनवर तयार करून मोकळी झाले होते.

सर हसले. पहिल्यांदाच. "कोऱ्या मशीनवर करून दाखव. जिथं तू कधी हात लावलेला नाहीस. आपल्या घरात काय, अंधारातही पाण्याचा माठ सापडतो. परक्या घरात सापडला तर खरं."

मग दिवसभर त्यांचं नाव उपसत बसले. जिथं जिथं पौलोस, तिथं तिथं खोडलं. जुना भाडेकरू गेल्यावर दारावरची पाटी काढावी तसं. संध्याकाळपर्यंत सगळं साफ. सर म्हणाले, "आता हे कुणाचंही आहे." खुश दिसले.

२३ जुलै

लिहू की नको. लिहितेच.

दुपारी भरून आलं, वीज गेली, लिफ्ट बंद. जिन्यावर मिट्ट काळोख. मी आणि सर एकाच वेळी निघालो. दुसऱ्या पायरीवर सरांनी माझं कोपर धरलं. सहज लागावं तसं नाही, धरलं. मी झटकन सोडवलं. "सॉरी मोळे," म्हणाले आणि भिंतीला हात लावून तिथेच उभे राहिले. मी भराभर उतरले. खाली रिक्षा मिळेपर्यंत थांबले होते, तरी ते आले नव्हते.

बापाच्या वयाचा माणूस. आपल्यालाच उगाच वाटतं का, असंही मनात आलं. पण अंगावर काटा आला तो आला. निसारला सांगितलं. तो म्हणाला, "सर तसे नाहीत ग." मग क्षणभरानं म्हणाला, "पण सांगता येत नाही." मी त्याला कुणाला बोलू नकोस म्हटलंय. म्हणजे उद्यापर्यंत सगळ्यांना कळेल.

४ ऑगस्ट

विंडोजही झालं, कोऱ्या मशीनवर. रडवलं कशानं? फोल्डरच्या नावातल्या एका मोकळ्या जागेनं. डोंगर पोखरून उंदीर.

सर आता माझ्यापासून हातभर लांब उभे राहतात आणि जिन्यानं जायचं असलं तर आधी मला जाऊ देतात. कळलंय तर त्यांना.

दुपारी आम्ही लाल दिव्याचं प्रकरण उघडलं. धुक्यातलं चित्र गोठवलं. सर म्हणाले, "बोयाच्या टोकाशी तुला काय दिसतं?"

"काळं."

"किती काळं?"

"काळं ते काळं सर. त्यात किती काय?"

सरांनी त्यांच्या मशीनवर तेच चित्र घेतलं, माउसला हातही न लावता बाणाच्या कळांनी ठिपक्या ठिपक्यानं सरकत गेले आणि एक कळ दाबून थांबले. मान खाली, डोळे मिटलेले. नाटकी माणूस. मग म्हणाले, "लाल आहे. थोडं आहे, पण आहे. आपल्याला दिसत नाही म्हणून नाही असं होत नाही. लिनक्सवर दिवा आधी रंगवला जातो आणि धुकं त्याच्यावर फासलं जातं. विंडोजवर उलट. क्रम बदल, दिवा दिसेल."

क्रम बदलला. दिवा लागला. मी ओरडलेच, "सर, लाल!" सर म्हणाले, "छान दिसतोय ना?" हा काय प्रश्न झाला? समोरच तर होता.

तेवढ्यात अम्माचा आट्टिंगलहून फोन. "कायम झालीस का?" दुसरा विषयच नाही तिला. शेजारच्या सुलोचनाची मुलगी कायम झाली म्हणे, तीही सरकारी बँकेत.

१८ ऑगस्ट

मॅक. नाकी नऊ आलेत. देखणं यंत्र, आणि आतून सासू. जे लिनक्सवर दोन्ही हातांनी घेतलं ते हे बोटानंसुद्धा उचलत नाही. एररचा पूर, आणि शेवटच्या सगळ्या ओळी एकाच भागाकडे बोट दाखवतात. आवाजाचा कसलासा भाग आहे. चित्र तपासायच्या हत्यारात आवाज कशाला, देवाला ठाऊक.

हरियेट्टन दोनदा येऊन मागे उभे राहून गेले. काही बोलत नाहीत, नुसते उभे राहतात. त्यापेक्षा बोललेले बरे.

१९ ऑगस्ट

सुटले!

तो आवाजाचा भाग ऐच्छिक आहे. सरांनीच तसं ठेवलंय, खिटी पाडली की तेवढा भाग सोडून बाकी सगळं बिल्ड होतं. खिटी पाडली, चहा घेऊन आले, तर कण्णाडी मॅकवर उभी. हिरवं. मी खुर्चीतच गोल फिरले.

मग विचार केला, एका ठिकाणी आहे आणि दोन ठिकाणी नाही असं बरं दिसत नाही. उद्या कुणी विचारलं तर? म्हणून लिनक्स आणि विंडोजवरही तो बंद करून टाकला. आता तिन्ही सारखे. अडलं की ऐच्छिक ते बंद करायचं, हे काही मी शोधलेलं नाही. सगळेच करतात.

त्या भागाच्या फोल्डरात शेकड्यानं आवाजाच्या फायली निघाल्या. निसार म्हणाला, "लाव, लाव." लावली. कुणी बाई ठाशीव आवाजात आकडे म्हणतेय, वर्गात पोरांकडून पाढे घोकून घेतात ना, तसे. दुसरीत म्हणाली, "लाल." तिसरीत, "हिरवा." आम्ही हसून हसून बेजार. निसार म्हणाला, "सरांनी मुलीचा गृहपाठ यात ठेवलाय." असेलही, मुलगी त्यांची आता तिकडे आयर्लंडला नर्स आहे पण फायली जुन्याच दिसतात. किती वर्षांचा कचरा साठवतात ही माणसं.

२१ ऑगस्ट

सरांना सांगितलं, तिन्हीवर झालं. त्यांनी कानातला इअरफोन काढला. मग, "मॅकवरसुद्धा?"

"मॅकवरसुद्धा."

"सगळं घेऊन? काही बंद नाही केलंस ना?"

मी म्हटलं, "नाही सर."

लगेच निघून गेलं तोंडातून. खरं म्हणजे खोटंही नाही, ऐच्छिक ते मोजायचं कशाला? नंतर सांगेन. आता सांगितलं तर परत मॅकचं खोदकाम करायला लावतील आणि हरियेट्टननी वरपर्यंत कळवूनही टाकलंय.

सर म्हणाले, "शाबास. मला वाटलं होतं तिथं अडशील." पाठ थोपटायला हात उचलला आणि मध्येच खाली घेतला. मला बरं वाटलं नाही, पण का ते नीट सांगता येत नाही.

२९ ऑगस्ट

ऑफिसचा ओणम. आणि आज सरांनी हद्द केली.

आम्ही सकाळपासून गुडघे मोडून पूक्कळम, फुलांची रांगोळी, घातलं होतं. दारापासून थेट लिफ्टपर्यंत, झेंडू, जास्वंद, मधोमध पांढऱ्या तुंब्याची फुलं. सर आले आणि सरळ त्यावरून चालत गेले. दोन पावलं आत, बरोब्बर जास्वंदीच्या कड्यात. सगळे ओरडलो तेव्हा थांबले. बरं, थांबले तर बाजूला व्हावं! ते तिथेच, फुलांच्या मधोमध, खांबासारखे उभे. "माफ करा, लक्ष नव्हतं," म्हणतात आणि हलत नाहीत. शेवटी निसारनं हाताला धरून बाहेर काढलं. एवढा उर्मटपणा? ख्रिस्ती असले म्हणून काय झालं, ओणम सगळ्यांचा असतो. त्यांच्या पावलांच्या ठशांत मी पुन्हा फुलं भरली.

जेवताना समोर आले. केळीच्या पानावर कुठला पदार्थ कुठं हे ठरलेलं असतं, सर त्याप्रमाणे पानाकडे न बघता, मान वर ठेवून नेमकं जेवत होते. मला कौतुक वाटलं, जुन्या वळणाचे लोक! पण वाढायला निसार होता आणि त्याला कुठं काय कळतंय, त्यानं उपेरीच्या जागी लिंबाचं लोणचं वाढलं. सरांनी केळ्याचे काप म्हणून चिमूटभर उचलावं तसं उचललं आणि तोंडात टाकलं. चेहऱ्यावर रेषही हलली नाही. गिळलं आणि पाणी प्यायले. निसार मला म्हणाला, "बघ, राग आलाय फुलांवरून ओरडलो म्हणून. मुद्दाम खाल्लं." पटलं मला.

१० सप्टेंबर

उद्या कोल्लमला दाखवायला जायचं. त्यांच्याच लिनक्स मशीनवर माझी कण्णाडी बसवली आहे. मी दाखवणार असं धरून चालले होते, साडीसुद्धा ठरवली होती. पण शाळेचे कॅप्टन सोमराजन म्हणाले, ज्यानं बनवलं त्यानं दाखवावं. हरियेट्टनचंही तेच मत, गिऱ्हाइकाला पिकले केस बघून धीर येतो.

सर म्हणाले, "एकदा आधी हात फिरवून बघायला हवं होतं." मी म्हटलं, सर, मशीन तिकडं कोल्लमला आहे, काही चिंता करू नका, तुमच्याकडे आहे तसंच आहे. ते म्हणाले, "तू सगळं घेतलंयस म्हणालीस. मग हरकत नाही." जाताना तपासल्यासारखा खिशातला इअरफोन चाचपला. तिथं क्रिकेट ऐकणार आहेत की काय?

११ सप्टेंबर

मला कळलं. ज्या क्षणी कळायला नको त्या क्षणी कळलं.

तिथली खोली म्हणजे अर्धगोल भिंतभर पडदा आणि बाकी अंधार. पडद्यावर रात्र, धुकं. सर दारातून आत आले ते हरियेट्टनच्या पाठीला बोटं लावून. खुर्चीत बसले. मशीनला इअरफोन जोडला. बाणाच्या कळा दाबत सरकले आणि ती कळ दाबली, मान खाली घालून, डोळे मिटून. मग परत दाबली. मग परत.

मी शेजारी उभी होते. ती कळ कुठल्या भागाची आहे हे त्या खोलीत सरांखेरीज फक्त मला माहीत होतं.

कॅप्टन म्हणाले, "दाखवा सर. लाल दिवा कुठं आहे?"

सरांनी पडद्याकडे हात केला. "इथं."

"तिथं समुद्र आहे सर."

हात थोडा सरकला. "इथं."

"तिथंही समुद्रच आहे."

कुणीतरी हसलं. कॅप्टन हसले नाहीत. वाकून सरांच्या चेहऱ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "मी पोरांना जहाजावर पाठवण्याआधी त्यांचे डोळे तपासतो. राग मानू नका, सवय आहे. माझी बोटं किती?"

सरांनी इअरफोन काढला. वायर बोटांभोवती नीट गुंडाळली आणि खिशात ठेवली. म्हणाले, "कॅप्टन, तुमचा हात कुठं आहे तेच मला माहीत नाही."

मी बोलायला हवं होतं. बोलणार होते. यंत्रात आवाज होता, तो मी काढला, एवढंच म्हणायचं होतं. तोंड उघडलं आणि मिटलं. मी कायम व्हायची आहे हे त्याही वेळी माझ्या डोक्यात होतं. ते लिहून ठेवते, म्हणजे उद्या मला दुसरं काही आठवायला नको.

शेवटी दिवा मी दाखवला. त्यांना आवडला.

१२ सप्टेंबर

काल परतताना गाडीत हरियेट्टन सारखे विचारत होते, कधीपासून, कधीपासून. सर म्हणाले, "अंधारातलं दिसणं जाऊन तर जमाना झाला. आजूबाजूचं हळूहळू गेलं. समोर एक भोक उरलं होतं, त्यातून भागवत होतो. गेल्या नाताळनंतर तेही धुरकट."

"आणि तुम्ही चित्रं पास करत होतात?"

"आकड्यांवरून. ठिपक्याचा आकडा खोटं बोलत नाही."

"मग आज काय झालं तुमच्या आकड्यांना?"

मी खिडकीबाहेर बघत होते. सर म्हणाले, "टूल बरोबर आहे. बिल्डही बरोबर आहे. मीच चुकलो."

कोपर. फुलं. लोणचं. मी एकेक आठवतेय आणि प्रत्येक वेळी मीच ओरडतेय, मीच झटकतेय, मीच हसतेय. रडूही येत नाही, नुसती शिसारी येते.

२२ सप्टेंबर

सरांनी राजीनामा दिला. दिला म्हणजे द्यायला लावला, पण प्रेमानं. हरियेट्टन दुष्ट नाहीत, त्यांचेही डोळे भरले होते. "चित्रांच्या कंपनीत मी वरती काय तोंड दाखवू?" म्हणाले. निरोपाला केक होता. सुरी सरांच्या हातात दिली आणि निसारनं त्यांचा हात धरून केकवर नेला. मी मागे उभी होते.

सरांनी गेल्या वर्षात पास केलेलं प्रत्येक चित्र पुन्हा तपासायचं काम माझ्याकडे आलंय. आता डोळ्यांत तेल घालून बघ, असं हरियेट्टन मला सांगतात.

१ ऑक्टोबर

तपासणी संपली. एकही चूक नाही. धुक्याची एक छटा मला चुकीची वाटली होती, आकडा काढून बघितला तर माझे डोळे चुकले होते.

हरियेट्टनना सांगितलं. ते म्हणाले, "नशीब." आणि कायम झाल्याचं पत्र दिलं. अम्माला फोन केला. ती रडली, सुलोचनाच्या घरी सांगायला लगेच गेली. मी सरांच्या जागेवर बसायचं आहे म्हणे, तिथून खिडकी जवळ आहे.

३ ऑक्टोबर

आज खिटी वर केली. कुणी सांगितलं नव्हतं.

लिनक्सवर एका दमात झालं. विंडोजवरही. म्हणजे तिथं काही अडचणच नव्हती, मी नुसतं सारखं दिसावं म्हणून बंद केलं होतं. मग मॅक. तोच पूर. यावेळी वर वर सरकत गेले, पार डोक्यापर्यंत, आणि पहिली एरर वाचली.

आवाजाचं एक पॅकेज मशीनवर नव्हतं. घातलं. बाकीच्या सगळ्या पोरी घरी गेल्या.

जेवणाच्या सुट्टीच्या आत झालं. ऑगस्टात मी वाचवलेलं काम एवढंच होतं.

इअरफोन घातला, धुक्यातलं चित्र उघडलं, डोळे मिटले आणि बाणाच्या कळांनी सरकत गेले. काळं, काळं, काळं. प्रत्येक ठिपक्याला ती बाई आकडे सांगते, न कंटाळता, एकेक अक्षर सुटं करून. मी किती वेळ भटकत होते कोण जाणे. मग ती म्हणाली, "लाल." मी डोळे उघडले नाहीत.

हरियेट्टननी इअरफोन बघून विचारलं, "काय, क्रिकेट?"

५ ऑक्टोबर

रविवार. मॅक पिशवीत घालून मुरुक्कुंपुळ्याला गेले. सरांचं घर विचारत विचारत सापडलं. कायलाच्या, म्हणजे खाडीच्या, काठाला, दाराशी पपईचं झाड. फाटकापासून पायरीपर्यंत दोर बांधलेला, वाळत घातलेलं मात्र त्यावर काही नव्हतं. बेल वाजवली.

आतून एका बाईंनी विचारलं, "कोण आहे?"

मला जागचं हलवेना. परवा दिवसभर माझ्या कानात आकडे सांगत होता तो हाच आवाज. याच आवाजाला आम्ही पोट धरून हसलो होतो.

"कोण आहे?" पुन्हा आलं, तितकंच ठाशीव.

"अंबिली. ऑफिसातली."

मग कडी निघाली. लिसम्मा टीचर, सरांच्या पत्नी, हाताला पीठ लागलेलं. मला वाटलं दारातूनच घालवतील. म्हणाल्या, "तूच का ती? तुझं फार सांगायचे. पोरगी भांडखोर आहे, पण काम पुरं करते म्हणायचे." हे ऐकण्यापेक्षा घालवलं असतं तर बरं झालं असतं.

सर मागच्या पडवीत बसले होते, कायलाकडे तोंड करून. मी पिशवीतून मशीन काढून त्यांच्या मांडीवर ठेवलं. त्यांनी कडेवरून हात फिरवला. "मॅक."

"हो सर. सर, मी तेव्हा..."

"ते माहीत आहे. पहिल्यांदा कळ दाबली तेव्हाच कळलं." त्यांनी हात पुढे केला. "इअरफोन दे."

मी दिला. त्यांनी बाणाच्या कळा चाचपल्या आणि ती कळ दाबली. इअरफोनमधून टीचरांचा बारीक आवाज मला ऐकू आला. स्वयंपाकघरातून टीचर म्हणाल्या, "अजून तेच लावलंय? मला त्या दिवशी केवढी सर्दी होती." सर हसले नाहीत. ते ऐकत होते, मान खाली घालून, ठिपक्या ठिपक्यानं, आणि मी ऑफिसात ज्याला प्रार्थना म्हणायचे तसंच दिसत होतं ते.

दिवा सापडल्यावर त्यांनी इअरफोन काढला.

"अडलं कुठं होतं?"

"एक पॅकेज नव्हतं सर. पहिलीच एरर होती."

"मग तेव्हा का नाही वाचलीस?"

रागानं नाही विचारलं. एररबद्दल विचारायचे तसं विचारलं, उत्तर मिळालं की दुरुस्त करता येईल अशा सुरात. माझ्याकडे तोंड वळवलं होतं, पण थोडं चुकून, माझ्या खांद्यापलीकडे. सर वाट बघत बसले.